जोरात गाडी चालवणाऱ्याची खोली

एखाद्या कादंबरीत माणूस मरतो, पान उलटलं की मागं राहिलेले लोक सुंदर दुःख करायला लागतात, आणि तो कशानं मेला हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही, तेव्हा तुम्हाला राग येत नाही का?

मला येतो. मला कशाचाही राग लवकर येतो असं घरचे म्हणतात, पण या रागाला कारण आहे. आमच्या घरात वाचायला सगळ्यात आधी आलं ते गोष्टीचं पुस्तक नव्हतं, पत्रक होतं. पप्पा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते आणि ड्यूटी संपली की चळवळीची पत्रकं लिहायचे. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यातून ती यायची, गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदावर. वाटून उरलेले गठ्ठे पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत रचलेले असायचे. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. दादानं आणि मी गणितं त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली. पत्रकात माणूस मेला, की तो कशानं मेला, कुणामुळं मेला आणि आता आपण काय करायचं, हे एका पानात सांगून टाकावं लागतं. त्याहून जास्त जागाच नसते. माझं वाचन या शिस्तीत वाढलं. त्यामुळं कारण न सांगता मरणारी माणसं मला संशयास्पद वाटतात.

मागच्या साली दादा गेला. कामावरून घरी येत होता. आमच्या वस्तीकडं वळायच्या आधीच्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपसाठी खड्डा खोदून ठेवला होता. भोवती बॅरिकेड नाही, फलक नाही, खांबावरचा दिवा बंद. तो मोटारसायकलसकट आत गेला. ठेकेदाराच्या माणसांनी पोलिसांना सांगितलं की फलक होता, पोरगाच बेफाम आला. दुसऱ्या दिवशी तिथं खरोखरच फलक उभा होता, नवाकोरा, त्यावर धूळसुद्धा बसलेली नव्हती.

पप्पांनी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. निवृत्त झाल्यापासून त्यांनी हातात पेन धरला नव्हता. त्यात दादा ‘निर्व्यसनी, शांत स्वभावाचा, हेल्मेट घालून सावकाश घरी परतणारा तरुण’ होता. मी ते वाचलं, छापखान्यात नेलं, चौकात उभी राहून वाटलं. कोर्टात केस उभी राहिली. आणि आमच्या घरातून दादाचं नाव कमी कमी होत गेलं. ‘खड्ड्याची केस’, ‘खड्ड्याची तारीख’, ‘खड्ड्याचे वकील’ असं सगळं सुरू झालं.

या दिवसांत मला ती कादंबरी मिळाली.

शहरात आमचा एक छोटा वाचक-गट आहे. कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक मॅडम तो चालवतात. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “पुढच्या बैठकीत तू बोल यावर. तुला ते आतून कळेल.” आतून म्हणजे काय ते मला समजलं. ज्या घरात मरण झालंय त्या घराची प्रतिनिधी म्हणून मला बोलावणं होतं.

कादंबरीतल्या गावाला नाव नाही. तिथं कुणी मेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घराला एक खोली वाढलेली असते. भिंतींना ओल्या चुन्याचा वास, दाराला कडी, सगळं तयार. मेलेला माणूस दिसत नाही, पण त्या खोलीत त्याचा स्वभाव हवेसारखा राहतो. चिडक्या म्हाताऱ्याच्या खोलीत बारमाही ऊन. रडक्या पोरीच्या खोलीत दमट हवा, तिथं पापड वाळत नाहीत. नायिकेचा नवरा तंबाखू खाणारा होता, तर तो मेल्यावरही त्याच्या खोलीची भिंत रोज लाल होते आणि ती रोज भिंत पुसत त्याला बोलते. अशी पानंच्या पानं. भाषा इतकी चांगली की मला तिचाही राग आला. नवरा कशानं मेला? ‘एका दुपारी तो आडवा झाला.’ बस, एवढंच. गावात दवाखाना आहे का, नदीचं पाणी कोण नेतं, एवढी माणसं का मरतात, काही नाही. मृत्यू येतो आणि बांधकाम करून जातो.

बैठकीत मी हेच बोलले, जरा चढ्या आवाजात. एक गृहस्थ, सोसायटीत राहणारे, मंद हसत म्हणाले, “तुम्ही कादंबरीकडं पत्रक म्हणून बघताय.”

“आणि तुम्ही मरणाकडं फ्लॅटची सजावट म्हणून बघताय,” मी म्हणाले.

मॅडमनी चहा मागवला. मी चहा न घेता घरी आले आणि पुस्तक पलंगावर आपटलं.

घरात आई पोळ्यांचं पीठ मळत होती. गंगापूरहून मावशी आलेली होती, ती पाय पसरून शेंगा सोलत होती. आईनं विचारलं, काय झालं? मी त्या पुस्तकाची टर उडवायची म्हणून गोष्ट सांगायला लागले. मेलेल्याची खोली वाढते म्हटल्यावर आईचा हात थांबला.

“आपोआप वाढती व्हय?”

“आपोआप.”

“परवानगी, नकाशा, काय नाय?”

मावशी म्हणाली, “अगं, असं असतं तर आपली हवेली झाली असती. आपल्यात काय थोडे मेले? पत्र्याच्या दोन खोल्यांत कशाला ऱ्हायलो असतो?” मग तिनं एक शेंग तोंडात टाकली आणि विचार करून म्हणाली, “पर माझ्या सासूनं मेल्यावरबी रस्त्याकडची खोली मागितली असती. आन् मला रोज झाडायला लावली असती.”

मी हसले. वाटलं, माझं सगळं भाषण मावशीनं एका वाक्यात केलं. ज्यांच्या घरात माणसं जास्त मरतात त्यांच्याकडं जागा नसते, हे त्या कादंबरीला कुणी सांगायला हवं होतं. पण आई हसली नव्हती. ती म्हणाली, “वाच बरं मला. तो तंबाखूवाला येतो तितून वाच.”

आई शाळेत खिचडी शिजवायला जाते. सातवीपर्यंत शिकलेली आहे, पेपर वाचते, पण कादंबरी तिनं आयुष्यात हातात धरलेली नव्हती. त्या दिवसापासून ती कामावरून आली की मी वाचायचे आणि ती ऐकायची. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येतं तो दिवस टाक्या भरण्यात जातो. त्या दिवशीही ती नळीचं तोंड एका पिंपातून दुसऱ्यात टाकत म्हणायची, “तू थांबू नगं, वाच.” मधेच अडवून विचारायची. त्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला? तो बोलतो का? ती त्याला एवढ्या शिव्या देती, तर त्याला राग येत नाय? मी म्हणायचे, आई, हे खरं नाही गं. ती म्हणायची, “खरं नाय ते कळतंय मला. पुढं काय होतं ते सांग.”

मावशी गंगापूरला परत गेली त्या आठवड्यात मी एका संध्याकाळी घरी आले, तर कपाटाजवळची जागा बदललेली होती. पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर गेले होते. तिथं एका जुन्या साडीचा पडदा टांगला होता. पडद्यामागं दादाचं स्टूल, त्याचं जॅकेट, केसांना लावायच्या जेलची अर्धी डबी, त्याचा तो स्पीकर ज्याच्यावर तो शेजारी भांडायला येईपर्यंत गाणी लावायचा. फोटो नाही, फूल नाही, अगरबत्ती नाही. आई स्टुलाशेजारी जमिनीवर बसून बोलत होती.

“किती डाव सांगितलं, वला टॉवेल गादीवर टाकू नगं म्हणून. तुला बायको आणली असती तर दोन दिसात माघारी गेली असती.”

मी पडद्याबाहेर तशीच उभी राहिले. मला भीती वाटली, हे खरंच सांगते. पण दुसरी गोष्ट अशी, की आईचा तो आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता. वर्षभर ती सगळ्यांशी हळू, एकसारख्या आवाजात बोलत होती, दवाखान्यात बोलतात तसं. पडद्यामागं ती पूर्वीसारखी खणखणीत बोलत होती.

पप्पा आले. त्यांनी चप्पल काढता काढता पडदा पाहिला आणि चप्पल तशीच हातात राहिली.

“हे काय आहे? देव्हारा मांडला का घरात?”

तुम्ही आमच्यासारख्या घरातले नसाल तर हा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्या आजोबांनी घरातले देव काढले. बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर आहेत. तसबिरींना हार चालतो, नवस चालत नाही. मेलेल्यांना पिंड नाही, श्राद्ध नाही. जे आपल्याला माणूस समजत नव्हते त्यांचे विधी आपण का करायचे, हे पप्पांनी आम्हाला चालायला शिकवताना सोबतच शिकवलं. त्यामुळं घराच्या कोपऱ्यात पडदा दिसला की त्यांच्या डोळ्यांना आधी देव दिसतो.

“डोळं उघडून बघा,” आई आतूनच म्हणाली. “देव हाय का हितं?”

“मग पडदा कशाला?”

“खोलीला दार नको?”

“कसली खोली? मेलेल्यांना आपण बोलवत नाही, काही देत नाही. प्रतिज्ञा घेतल्यात आपण.”

“म्या कुठं काय दिलं? शिव्या दिल्या. शिव्या दिलेल्या चालत नाय असं लिव्हलंय का त्यात?”

पप्पा माझ्याकडं वळले. “हे तुझ्या पुस्तकातून आलंय.”

पुस्तकाविरुद्ध मी भर बैठकीत भांडून आले होते, आणि घरात त्या पुस्तकापायी मीच आरोपी होते. पप्पांचं चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं. बुवाबाजी घरात अशीच शिरते, एका पडद्यानं, एका पाटानं. दुःख झालेल्या बाईच्या मागं मागं ती येते. आमच्याच गल्लीत एका घरी ती आलेली मी पाहिली होती. दुसऱ्या बाजूनं, आईनं पडद्यामागं कुणाला हात जोडले नव्हते. ती टॉवेलवरून बोलत होती.

पुढचे काही दिवस वाईट गेले. आई शाळेत जायचं टाळायला लागली. तिच्यासोबतची बाई एकटी खिचडी करते म्हणून शाळेतून फोन आला. आई म्हणायची, जाते उद्या. पडद्यामागं बसून राहायची. आणि मला कादंबरीचा शेवट माहीत होता. शेवटच्या प्रकरणात ती बाई नवऱ्याच्या खोलीत जाते, आतून कडी लावते, आणि सकाळी त्या दाराच्या जागी भिंत असते. लेखक त्याला शांती म्हणतो. बैठकीत त्या सोसायटीवाल्या गृहस्थांचे डोळे याच पानाबद्दल बोलताना ओले झाले होते. मला ते पान फाडून टाकावंसं वाटत होतं. एका बाईनं स्वतःला भिंतीत चिणून घेतलं आणि आपण तिला सुंदर म्हणायचं? हे पान आईला कसं वाचून दाखवणार?

तिनंच विचारलं. “शेवट का वाचंना झालीस?”

वाचलं. वाचताना मी तिच्याकडं पाहिलं नाही. भिंत आली, पुस्तक संपलं.

“येडीच हाय,” ती म्हणाली. “आत बसली. मग तंबाखू कोण पुसणार, न् त्याला बोलणार कोण? बोलायला भाईर पायजे ना माणूस.”

“म्हणजे तू जाशील का उद्या शाळेत?”

“बघू,” असं म्हणून ती उठून परत पडद्यामागं गेली. त्यामुळं माझी काळजी काही कमी झाली नाही.

दादाला वर्ष होत आलं होतं. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवायचा होता आणि त्यासाठी पप्पांना नवं पत्रक हवं होतं. ते म्हणाले, तू लिही, खाली नाव माझं टाक, माझ्या हातून आता लिहिणं होत नाही. मी लिहायला बसले तेव्हा आई कणीक मळत होती. मी जुनं पत्रक समोर ठेवून पहिली ओळ मोठ्यानं वाचली. ‘निर्व्यसनी, शांत स्वभावाचा, हेल्मेट घालून सावकाश...’

“हे कोणाचं पोरगं?” आई म्हणाली.

पप्पांनी वर पाहिलं.

“नाय, मी इच्यारते. कोणाचं हाय? माझं तर नाय हे. माझा पोरगा गाडी जोरात हाकायचा. शांत तर झोपल्यावरच असायचा. वर्ष झालं, लोक येतात, म्हणतात लई गुणी होता. मी मान हलवते. मला कळंना झालंय की मी रडते कोणासाठी. त्या कागदातल्या पोराला मी ओळखत नाय.” तिचे हात पिठात होते, तिनं मनगटानं नाक पुसलं. “त्या पुस्तकातला बाप्या मेल्यावर बी थुकतो. म्हणून मला बरं वाटतं. मेला म्हणून कुणी त्याला चांगला केला नाय.”

कादंबरीत काय आहे ते मला त्या क्षणी दिसलं, जे बैठकीत दिसलं नव्हतं. त्या बिनकारणाच्या, बिनआरोपीच्या गोष्टीत मेलेला माणूस जसा होता तसा राहू शकतो. आमच्या पत्रकात राहू शकत नाही. आमच्या पत्रकाला निर्दोष मेलेला लागतो, कारण समोरचा वकील विचारणार आहे, तो कसा होता? खड्ड्याला कुणी विचारत नाही, तू कसा होतास. मरणाऱ्याला चारित्र्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्या लोकांनी आजवर जेवढे मेले मोजले, त्या प्रत्येकाला असाच धुऊन, इस्त्री करून लोकांपुढं ठेवलं. आधी समोरच्यांनी त्याला मारलं आणि मग त्याला तो नव्हता तसं करायला आम्हाला लावलं. या दुसऱ्या गोष्टीचा राग मला पहिल्यांदा आला.

म्हणून मी लिहिलं: ‘तो गाडी जोरात चालवायचा. तरीही तो खड्डा झाकलेला असायला हवा होता. बॅरिकेड फक्त सावकाश येणाऱ्यांसाठी नसतं.’

पप्पांनी कागद हातात घेतला. बराच वेळ तो एकच परिच्छेद वाचत राहिले.

“भाषा चांगली आहे,” ते म्हणाले. “पहिली ओळ काढ.”

“ती काढली तर दुसरीला अर्थ राहत नाही.”

“अर्थ तुझ्या बैठकीत शोध. इथं केस चालू आहे. ही ओळ त्यांचा वकील चौकटीत बसवून कोर्टात आणेल. मुलाचा बापच म्हणतो जोरात चालवायचा! मग काय करशील? कादंबरी वाचशील न्यायाधीशासमोर?”

“खोटं लिहून जिंकायचं?”

“खोटं?” त्यांचा आवाज फाटला. “त्या दिवशी तो सावकाश आला असेल. तुला काय माहीत? तू होतीस तिथं?”

मी नव्हते. कुणीच नव्हतं. पप्पांनी त्या पत्रकात खोटं लिहिलं नव्हतं. एकदा तरी पोरगा सावकाश आला असेल, आणि तो त्याच दिवशी आला असेल, एवढीच त्यांची आशा त्या एका शब्दात होती. ते मला तेव्हा समजलं. पण ओळ मी काढली नाही. त्यांनी ओळ राहू दिली नाही. छापखान्यात कुणी गेलंच नाही. आमच्या घरातला कार्यक्रम पहिल्यांदाच बिनपत्रकाचा झाला.

विहारात वंदना झाली, त्रिशरण, पंचशील झालं. पप्पांचे जुने सहकारी बोलले, खड्डा, ठेकेदार, व्यवस्था, सगळं बरोबर बोलले. दादा त्यात नव्हता. मग आईनं मला खुणावलं. पुस्तक ती पिशवीत घेऊन आली होती. मी उभी राहिले आणि नवऱ्याची भिंत पुसत पुसत ती बाई त्याला बोलते ते पान वाचलं. मी स्वतः ज्याला विरोध केला होता तेच विहारात वाचत होते.

मागून एक काका उठले. चळवळीतले, पप्पांच्या वयाचे. “पोरी, विहारात भुताच्या गोष्टी? तुझ्या बापानं आयुष्यभर हेच खोडून काढलं.”

पप्पा खाली बघत होते. आई उठली. पांढऱ्या साडीचा पदर तिनं कमरेला खोचला, घरात भांडायच्या आधी खोचते तसा.

“भाऊ, भूत नाय. माणूस हाय. माझा पोरगा गाडी लई जोरात चालवायचा. बसलेत ना तुमच्यातले बी त्याच्या मागं? सांगा की.”

बायकांमधून एक म्हातारी म्हणाली, “मला दवाखान्यात नेलं होतं त्यानं. म्या म्हनलं, अरं मेल्या, दम्यानं मरायची ती तुझ्या गाडीवर मरन.” कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी म्हणालं, त्याच्या मागं बसून टोपी उडाली ती अजून सापडली नाही. मग स्पीकरची गोष्ट निघाली. पालीला घाबरून तो स्टुलावर चढायचा ती निघाली. लोक रडतही होते आणि मधेच खिदळतही होते. वर्षभरात पहिल्यांदा दादा त्या लोकांमध्ये आला, घामट, उद्धट, जोरात येणारा. मीही हसले. आणि त्याच क्षणी पप्पांकडं पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची केस ढासळत होती, माणसामागून माणूस साक्ष देत होता आणि प्रत्येक साक्ष त्यांच्या विरोधात जात होती.

तसंच झालं. कुणीतरी तो प्रसंग मोबाइलवर घेतला, प्रेमानंच घेतला, आणि स्टेटसला ठेवला. आमच्या वकिलांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, थकल्यासारखे म्हणाले, “हे आता समोरचा वापरणार. तुम्ही लोकांनी काय केलंत हे?” पप्पांनी फोन ठेवला. बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. आई शाळेत जायला लागली. पडदा मात्र तसाच राहिला. माळ्यावर गळतं आणि पत्रकं भिजतात म्हणून पप्पांनी एक दिवस गठ्ठे खाली उतरवले, आणि दुसरी जागाच नव्हती म्हणून पडद्यामागं नेऊन ठेवले. आई तिथं बघून म्हणाली, “सरक रे जरा, तुझ्या बापाचं सामान आलंय.”

मॅडमनी परवा विचारलं, कादंबरीबद्दल तुझं मत बदललं का? मी म्हणाले, निम्मं. त्या पुस्तकानं माझ्या आईला तिचा पोरगा परत दिला, हे मी नाकारणार नाही. कुठल्याही पत्रकानं ते केलं नाही, माझ्याही नाही. पण ते पुस्तक असं गाव लिहितं जिथं कुणीच खड्डा खोदत नाही, आणि अशा गावात राहायची ऐपत आमची नाही. त्याच्या शेवटच्या पानाला मी कधीच माफ करणार नाही. तरी मी ते मॅडमना परत केलेलं नाही. आई मागते म्हणून, आणि आता मलाही ते घरात लागतं म्हणून.

केसचं मात्र खरं संकट आहे. दादा जोरात चालवायचा हे आता सगळ्यांना माहीत आहे, आणि इथं मी ते पुन्हा लिहिलं. ते लिहिल्याशिवाय मला काहीच लिहिता येत नव्हतं. वकील म्हणतात, आता एकच गोष्ट उपयोगी पडेल: खड्ड्याभोवती काही नव्हतं हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं. वस्तीतल्या लोकांनी पाहिलंय, पण त्यातल्या निम्म्यांना त्याच ठेकेदाराकडं रोजंदारी आहे. त्यांना मी बोला म्हणत नाही. मी तुम्हाला म्हणते. रेल्वे स्टेशनकडून आमच्या वस्तीकडं वळणारा तो खोदलेला रस्ता तुम्हाला माहीत असेल, दादा जायच्या आधीच्या दिवसांत तुम्ही तिथून रिक्षानं, बसनं, पायी गेला असाल, खड्डा बघून गाडी बाजूला घेतली असेल, महापालिकेला शिव्या देत त्याचा फोटो काढला असेल, तर तुमचा फोन आज उघडा. तो फोटो शोधा. नसेल तर जे पाहिलं ते आठवा. माझा भाऊ कसा होता ते तुम्हाला कुणी विचारणार नाही, ते आम्ही सांगितलंय. तुम्ही फक्त कोर्टात उभं राहून एवढं सांगा, की तिथं फलक नव्हता.